कोकणात पीएचडी करताय? आधी तिथी बघा

पीएचडीच्या फील्डच्या पहिल्याच दिवशी मी रत्नागिरीजवळच्या एका खाडीवर दुपारी बाराला पोहोचले. ओहोटीची वेळ मोबाइलवर बघून ठेवली होती. सोबत पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर बाय अर्धा मीटर चौकट, बरण्या, लेबलं, वजनकाटा असा सगळा जामानिमा. पाणी उतरलंही होतं, पण ज्या खडकांवरची कालवं मोजायची ते अजून पाण्याखालीच. काठावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या मावशींनी बराच वेळ माझी गंमत पाहिली आणि मग म्हणाल्या, "भांगाचं पाणी हाय आज, पोरी. अवसेला ये, पहाटंची."

त्या दिवशी अष्टमी होती. ओहोटी रोज दोनदा येते, पण प्रत्येक ओहोटीला पाणी सारखंच मागे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती उंच चढते आणि ओहोटी खोल उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे दोन्हीकडून पाणी बेताचं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. कॅलेंडरवर मात्र मी वार पाहिला, तिथी पाहिली नाही.

या लेखात सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. विद्यापीठाचं वेळापत्रक सेमिस्टरचं असतं. कोकणात संशोधनाचं वेळापत्रक ठरवतात पाऊस, तिथी, मासेमारी आणि सण. ही दोन वेळापत्रकं एकमेकांवर बसवता आली की अर्धी पीएचडी सोपी होते. मग विषय कालवांचा असो, मोडी कागदांचा, मालवणी क्रियापदांचा किंवा आंबा बागायतीच्या अर्थकारणाचा.

विषय आणि गाइड: नोंदणीच्या आधीचे सहा महिने

कोकणात बसून संशोधन करायचं तर वाटा तीन-चार. मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा पट्टा येतो आणि रत्नागिरीला त्याचं उपकेंद्र आहे. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. दापोलीला १९७२ साली स्थापन झालेलं कोकण कृषी विद्यापीठ आहे. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, भाट्याचं नारळ संशोधन केंद्र, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, कर्जतचं भात संशोधन केंद्र ही त्याचीच लेकरं. कृषी विद्यापीठातल्या प्रवेशाची व्यवस्था वेगळी असते. ती नेट (यूजीसीची देशपातळीवरची परीक्षा) आणि पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) यांच्या हिशेबात धरू नका.

बाकीच्यांसाठी नियम बदललेत. जून २०२४ पासून यूजीसी नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिल्या गटाला जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळते. उरलेल्या दोन गटांतल्यांचे गुण पीएचडी प्रवेशाला चालतात, पण एकच वर्ष. प्रवेशाच्या यादीत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. अनेक विद्यापीठं स्वतःची पेट परीक्षाही घेत आली आहेत, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

विषय निवडताना माझी कसोटी एकच, थोडी गावठी. या विषयाचा कच्चा माल एसटीने एका दिवसात जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर आहे का? परगावच्या प्रयोगशाळेला एखाद-दोनदा जाणं ठीक. पण दर महिन्याचा माल लांब असेल तर दुसऱ्या वर्षी पैसे संपतात आणि तिसऱ्या वर्षी उत्साह. जवळचं काय आहे ते जरा डोळे उघडून बघा. हापूसमधला साका (आतला गर खराब होणं) का होतो, हा प्रश्न अजूनही बागायतदाराची झोप उडवतो. राजापूर-लांजा-रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, कातळशिल्पं आहेत, त्यांतली काही २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. दशावतार, नमन, जाखडी या लोककला आहेत. खोतीची कागदपत्रं आहेत. मुंबईच्या मनीऑर्डरवर चाललेल्या गावांचं पुढे काय झालं, हाही विषय आहे. आणि तो विचारायला माणसं अजून हयात आहेत.

गाइड निवडताना मुलं त्यांच्या पेपरांची यादी बघतात. मी सांगेन, आधी त्यांचं निवृत्तीचं वर्ष बघा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या प्राध्यापकांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. चार वर्षं उरली असतील तर नियमात बसतं, पण तुमचा प्रबंध लांबला की पंचाईत. जागाही बघा. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार इतकेच विद्यार्थी चालतात. "बघू, जागा होईल" या वाक्यावर वर्ष घालवलेली दोन मुलं माझ्या ओळखीची आहेत.

शेवटी गाइडच्या जुन्या विद्यार्थ्याला चहाला बोलवा आणि एवढंच विचारा, "सर लिहिलेलं किती दिवसांत वाचून देतात?" बाकी गुणदोष सांभाळून घेता येतात.

पैसे

जेआरएफ असेल तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ झाल्यावर ४२,०००, शिवाय घरभाडं. जेआरएफ नसेल तर राज्याच्या संस्था आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. सामाजिक शास्त्रांच्या विषयांना आयसीएसएसआर, इतिहासाला आयसीएचआर. यांच्या जाहिराती वर्षभर कधीही येतात आणि मुदत लहान असते. म्हणून जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, गाइडचं संमतिपत्र, नोंदणीपत्र हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली असते आणि ते नेमकं शेवटच्या दिवशी कळतं. हे दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत होतंच.

फेलोशिप मंजूर झाली म्हणजे दर महिन्याच्या एक तारखेला पैसे येतील असं नाही. हप्ते थकतात आणि मग एकदम येतात. त्यामुळे आमच्यातले बरेच जण सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतात. वाईट काही नाही त्यात, पण आठवड्यातले दोन सलग दिवस तासिकांपासून मोकळे मागून घ्या. सोमवार-बुधवार-शुक्रवार असे तुकडे पडले की फील्डही होत नाही आणि लिखाणही.

प्रत्येक खर्चाची पावती घ्या. होडीवाल्याकडे पावतीपुस्तक नसतं. एका कागदावर तारीख, रक्कम, काम लिहून सही किंवा अंगठा घ्या, वर महसूल तिकीट लावा. विज्ञान शाखेच्या जेआरएफला पहिली दोन वर्षं आकस्मिक खर्चासाठी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. रसायनं आणि होडी धरली तर गणपतीपर्यंत संपतात.

वर्ष कसं आखायचं

नोंदणी झाली की कालनिर्णय घ्या. खरोखरचं, भिंतीवरचं. त्यावर तीन रंगांनी खुणा करा.

पहिला रंग समुद्राचा. तिथीवरून भरती काढायचा जुना हिशेब कोळीवाड्यातला कुणीही सांगेल. तिथीचे पाऊणपट करा, त्या वाजता भरती पुरी. अष्टमीचे आठ, पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमेचे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचला. हा अंदाज आहे. ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं आणि नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकातूनच घ्यायची. पण यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्या किनाऱ्यावर खोल ओहोट्या पहाटे आणि तिन्हीसांजेला येतात. पहाटे पाचला खडकावर पोहोचवणारी एसटी नसते. म्हणजे आदल्या रात्री गावात मुक्काम हवा आणि मुक्काम हवा तर ओळख हवी. अमावास्या-पौर्णिमेचे दोन-दोन दिवस महिन्याभराच्या आधी राखून ठेवा आणि त्या दिवशी कॉलेजात काहीही असलं तरी "नाही" म्हणायला शिका.

मासळीवर काम असेल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत बंदरावर नमुने मिळणार नाहीत. पण तांडेल, खलाशी, नाखवा सगळे घरी असतात, जाळी विणत. वर्षभर ज्यांच्याशी दोन मिनिटं बोलता येत नाही ते दोन तास बोलतात. मुलाखती तेव्हा करा. नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा कुणी सापडत नाही.

दुसरा रंग पावसाचा. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. कातळशिल्पांवर काम करणाऱ्यांना हा काळ जवळजवळ वर्ज्य. चर पाण्याने भरतात, वर गवत वाढतं. सड्यावरच्या वनस्पतींवर काम करणाऱ्यांना मात्र हाच काळ सोन्यासारखा. जांभ्यावरच्या डबक्यांतली फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात बघितली नाहीत तर वर्ष गेलं. म्हणजे एकाच कातळावर दोघांची पीएचडी, आणि सुगी सहा महिन्यांच्या अंतराने. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात. मुंबईच्या परीक्षकासमोर सादरीकरण असेल तर आदल्या दिवशी निघा.

तिसरा रंग माणसांचा. गणपतीत कोकणात कुणाचीही मुलाखत मागू नका. घरात वीस माणसं आणि आरत्या. शिमग्यातही तेच. पण तुमचा विषयच स्थलांतर असेल तर गणपती आणि मे महिना यांच्यासारखा काळ नाही, कारण सगळे चाकरमानी गावात असतात. फक्त प्रश्नावली घेऊन जाऊ नका, आरतीला जा. दशावताराचा अभ्यास असेल तर कार्तिकापासून जत्रा सुरू होतात. रात्रभर जागरण करून सकाळी टिपणं लिहायची सवय लागते. आंबा बागायतदार मार्च ते मे बोलणार नाही. जुलैत गेलात तर चहा देईल आणि हिशेबाची वही काढून दाखवेल.

हे तिन्ही रंग भरून झाल्यावर जी पांढरी जागा उरते तिथे कोर्सवर्क, आरएसीची (संशोधन सल्लागार समितीची) बैठक, पेपर, परिषदा बसवा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

परवानग्या आणि एक शब्द टाळायचा

गाइडच्या सहीचं, विभागाच्या शिक्क्याचं मराठीतलं ओळखपत्र दहा प्रतींत काढा. इंग्रजी पत्र सरपंचांना दिलंत तर ते घडी करून खिशात जातं. पत्र मोजून चार ओळींचं असावं: मी कोण, कुठून आले, काय बघणार, किती दिवस. गावात गेल्यावर ग्रामपंचायत आणि पोलीस पाटील, मग बाकीचे. काही गावांत मानकऱ्यांना आणि देवस्थानाला आधी भेटणं जास्त महत्त्वाचं असतं. ते कोण हे गावातला दुकानदार सांगतो.

"सर्वे" हा शब्द तोंडातून काढू नका. दाभोळ, जैतापूर, बारसू या प्रकल्पांच्या नावांमागे काय काय घडलं ते इथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर मातीपरीक्षणावरून झालेलं आंदोलन तर कालपरवाचं. सड्यावर हातात टेप आणि जीपीएस घेऊन फिरणारी अनोळखी व्यक्ती म्हणजे कंपनीची माणसं, असा समज होणं साहजिक आहे. माझ्या एका मैत्रिणीला कातळावर चौकटी आखताना पाऊण तास अडवून ठेवलं होतं. ती चिडली नाही. विद्यापीठाचं पत्र दाखवलं, चौकटीतलं एक इवलंसं फूल दाखवलं, त्याचं गावातलं नाव विचारलं. नाव सांगण्यावरून तिघांची जुंपली आणि विषय संपला.

कायद्याच्या बाजूने: मालवणच्या सागरी अभयारण्यात (१९८७ पासून आहे) आणि कांदळवनात काम असेल तर वन विभागाची लेखी परवानगी हवीच. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या, काही शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत. किनाऱ्यावर मेलेलं सापडलं म्हणून उचलून पिशवीत टाकायचं नाही. परदेशातल्या सहकाऱ्याला नमुना पाठवण्याआधी जैवविविधता कायद्याचे नियम बघा, पोस्टात टाकल्यानंतर नव्हे. ड्रोन उडवायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी. आणि कातळशिल्पांवर खडूने रेघा मारून फोटो काढू नका. सकाळी साडेसातला किंवा संध्याकाळी पाचला जा. तिरप्या उन्हात रेघ आपोआप उठून दिसते.

वन विभागाचा अर्ज आज दिला की उत्तराला महिने लागू शकतात. पहिल्या सेमिस्टरमध्येच देऊन टाका, विषय पक्का झाला नसला तरी.

फील्डवर

सिंधुदुर्गात गेलात की पहिला प्रश्न येतो, "तू खयचो? कोणाचो?" हा प्रश्न टाळायचा नसतो. गाव, आजोळ, कुणाकडे उतरलात, हे सविस्तर सांगा. त्यातून एखादा पाव्हणा निघतोच आणि पुढची मुलाखत फुकट मिळते. माझं आजोळ सांगितलं की एक दार उघडायचं आणि सासर सांगितलं की एक बंद व्हायचं. असो.

प्रश्नावली पिशवीत ठेवा, हातात नको. संमतिपत्र मात्र हवंच. विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडून मराठी मसुदा मंजूर करून घ्या आणि तो वाचून दाखवा. कागदावर सही म्हणजे जमिनीचा व्यवहार, हे इथल्या लोकांच्या डोक्यात पक्कं आहे. सातबाऱ्यावर चाळीस नावं असलेल्या घरात कुणीही सहज सही करत नाही आणि ते शहाणपणाचंच आहे. समितीने मान्य केलं तर तोंडी संमती रेकॉर्ड करा.

नावांची वही वेगळी ठेवा. एकाच शिंपल्याला, एकाच माशाला दर दोन खाड्यांनंतर नवं नाव असतं. शास्त्रीय नाव नंतर लावता येतं. गावातलं नाव, गावाचं नाव, सांगणाऱ्याचं वय आणि तारीख जागच्या जागी लिहा. भाषेवर काम करणाऱ्यांनी तर शब्द एकटा घेऊच नये, आख्खं वाक्य घ्यावं. "मालवणीत याला काय म्हणतात?" असं विचारलं की समोरचा शुद्ध बोलू लागतो. त्यापेक्षा भांडणाची गोष्ट सांगायला लावा.

तब्येतीचं थोडक्यात. पावसात चिखलात उतरणार असाल तर गमबूट घाला आणि पायाला जखम असेल तर उतरूच नका. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, इथे खरा आहे. दोडामार्ग-सावंतवाडीच्या जंगलात जानेवारी ते मे माकडतापाची भीती असते. अंगभर कपडे घाला, संध्याकाळी गोचीड तपासा, ताप आला तर कुठे फिरलात ते डॉक्टरांना आधी सांगा. सड्यावर जांभ्याचा दगड हाताने उलटू नका, खाली फुरसं, विषारी साप, असतं. खडकावर एकटीने जाऊ नका. मोबाइलची रेंज नसते आणि भरती पाठीमागून येते.

दमट हवा, वीज आणि पूर

संशोधन पद्धतीची पुस्तकं लिहिणारे कोरड्या प्रदेशातले असावेत, कारण या प्रकरणाबद्दल कुणी लिहीत नाही. जुलैत वनस्पतींचे दाबलेले नमुने तीन दिवसांत बुरशी धरतात. शोषक कागद रोज बदला, वाळलेले कागद तव्यावर किंवा साठ वॅटच्या बल्बच्या पेटीत गरम करा. कॅमेरा आणि हार्ड डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा. सिलिका गुलाबी झाली की तव्यावर भाजून पुन्हा निळी करून घ्या, तो तवा मात्र परत स्वयंपाकाला वापरू नका. लेबल पेन्सिलीने लिहून बरणीच्या आत टाका. जेलपेनचं लेबल स्पिरिटमध्ये कोरं होतं.

माझे एका हंगामाचे नमुने विभागाच्या फ्रीझरमध्ये होते. जून महिना, शनिवारी वीज गेली, सोमवारी आली. दार उघडल्यावर आलेला वास मी आजही विसरलेले नाही. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करते, एक थंड आणि एक अल्कोहोलमध्ये, दोन वेगळ्या इमारतींत.

डेटाचंही तसंच. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण शहरात पाणी शिरलं तेव्हा घरांबरोबर कागद, पुस्तकं, संगणकही गेले. फील्डची वही रोज रात्री मोबाइलने फोटो काढून क्लाउडवर टाका. एक हार्ड डिस्क तुमच्याकडे, दुसरी नातेवाइकाकडे, शक्यतो घाटावरच्या. जुन्या घरातले मोडी कागद कुणी दाखवले तर ते उसने मागू नका. तिथेच, त्यांच्या ओटीवर, दिवसाउजेडी फोटो काढा आणि प्रती त्यांनाही द्या. पुढच्या पावसात मूळ कागदाचं काय होईल ते सांगता येत नाही.

कागद आणि यंत्रं कुठे मिळतात

इतिहासाच्या मुलांनी एक गाठ बांधून ठेवावी. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. त्याआधीचं सगळं रत्नागिरी जिल्ह्याच्या नावाखाली शोधा. रायगडला तेव्हापर्यंत कुलाबा म्हणत. पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात होता. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं होती, त्यामुळे त्यांचे कागद ब्रिटिश जिल्ह्यांच्या कागदांबरोबर असतीलच असं नाही. जनगणनेचे आकडे दशकादशकांत ताडून बघणाऱ्या अर्थशास्त्राच्या मुलांनाही हीच ठेच लागते. "रत्नागिरीची लोकसंख्या अचानक घटली" असा शोध मी एका सादरीकरणात प्रत्यक्ष ऐकलाय. मोडी शिकायची असेल तर पुराभिलेख विभागाचे वर्ग असतात. मुंबई आणि पुण्याच्या अभिलेखागारात जाण्याआधी किमान दोन महिने रोज एक पान वाचायचा सराव करा.

यंत्रांसाठी प्रत्येक कॉलेजने महागडं उपकरण घ्यायची गरज नाही. केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं दिसतात आणि वेळ आरक्षित करता येते. पवईच्या आयआयटीत सैफ ही सुविधा आहे, नमुना पाठवून चाचणी करून मिळते. समुद्राचं काम असेल तर दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दक्षिण कोकणातून मुंबईपेक्षा जवळ. अमुक तपासणी करायची आहे असं मोघम लिहू नका. नमुने किती, वजन किती, कशात साठवलेत, काय शोधायचंय, हे पहिल्याच ईमेलमध्ये द्या. उत्तर लवकर येतं.

जर्नलं वाचायला मिळत नाहीत ही तक्रार आता थोडी जुनी झाली. जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० जर्नलं खुली झाली. तुमची संस्था त्यात आहे का हे ग्रंथपालांना विचारा. नसेल तर लेखकालाच प्रत मागा, बहुतेक जण आनंदाने पाठवतात. आणि शोधगंगेवर जाऊन तुमच्या विषयावरचे आधीचे प्रबंध उघडा. आधीच्याने केलेल्या चुका तिथे फुकट वाचायला मिळतात.

लिहिणं

लिखाण तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवू नका. फील्डहून आल्यावर त्याच आठवड्यात पाचशे शब्द लिहा, भिकार असले तरी चालतील. संदर्भ सांभाळायला झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत आहे, मराठी पुस्तकंही त्यात नीट बसतात. मराठीत प्रबंध लिहिणार असाल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टंकलेखन करा. जुन्या फाँटमधली फाइल साम्य (उचलेगिरी) तपासणीच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही आणि मग शेवटच्या महिन्यात तीनशे पानं बदलावी लागतात. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं उधळतात, ती हाताने दुरुस्त करायची.

साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही आणि ६० च्या पुढे नोंदणीच जाते. टक्का बघून वाक्यं फिरवत बसण्यापेक्षा वाचताना पुस्तक मिटून टिपण काढायची सवय लावा.

पेपरचं बघू. २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती उरली नाही. पण नोकरीच्या मुलाखतीत विचारतातच. यूजीसीची केअर यादी (मान्य जर्नलांची) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे "केअर लिस्टेड" असं अजूनही मिरवणाऱ्या जर्नलपासून सावध राहा. "४८ तासांत स्वीकृती", व्हॉट्सअॅपवर संपादक, जीएसटीशिवाय शुल्क, एकाच अंकात मत्स्यशास्त्र आणि संत साहित्य, ही लक्षणं दिसली की पळा. संपादक मंडळातल्या दोघांना ईमेल करून खरंच मंडळावर आहात का विचारा. मी एकदा विचारलं, तर त्या गृहस्थांना ते जर्नलच माहीत नव्हतं.

आरएसी, रजा, प्रबंध

दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीसमोर उभं राहावं लागतं. काय झालं ते सांगण्यात सगळा वेळ घालवू नका. काय अडलंय ते सांगा आणि बैठकीचं इतिवृत्त त्याच आठवड्यात सहीसह घ्या. गाइड बदलायची वेळ आली तर हेच कागद उपयोगी पडतात.

किमान तीन वर्षं, कमाल सहा, त्यात कोर्सवर्क धरलेलं. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे. महिलांना बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. ही रजा मागताना माझ्या विभागात "मग पीएचडी कशाला घेतलीस" असं ऐकायला मिळालं होतं. नियमाची प्रत अर्जाला टाचून द्या, बोलणं आपोआप कमी होतं.

प्रबंध दिल्यावर गाइडशिवाय किमान दोन बाहेरचे परीक्षक तो तपासतात आणि मग खुला व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होतो. व्हायवाला तुमच्या विषयातलं सगळं विचारत नाहीत, तुमच्या प्रबंधातलं विचारतात. कोणता आकडा कोणत्या पानावर आहे ते पाठ असू द्या.

एक काम मात्र प्रबंध देण्याच्या आधी करा. नकाशे, गावांची नावं, माणसांची वाक्यं गावात नेऊन दाखवा. मी हे केलं नाही. व्हायवा झाल्यावर पेढे आणि एक प्रत घेऊन त्या मावशींकडे गेले. त्यांनी नकाशाचं पान उघडलं, चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाल्या, "ह्यो खडक हितं नाय गं. ह्यो त्या अंगाला, देवळाकडं." तोवर प्रबंध शोधगंगेवर चढला होता, पान १४३, आकृती क्रमांक ९. दुरुस्तीसाठी विद्यापीठाला अर्ज दिलाय, पोच अजून आलेली नाही.